टेक्सासला स्टेट टॅक्स नाही, पण घरपट्टीचं काय? घर घेण्याआधी करायचा हिशेब

टेक्सासला जायचा विषय घरात निघाला की कुणीतरी म्हणतं, "तिकडे स्टेट टॅक्स नाही." लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "पण प्रॉपर्टी टॅक्स बघितलास का?" दोघंही बरोबर असतात, पण कागद-पेन घेऊन बेरीज कुणीच करत नाही. आम्ही न्यू जर्सीहून डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात आलो, घर घेतलं, घरपट्टीची बिलं भरली, मूल्यांकनावर हरकतीही घेतल्या. त्या अनुभवातून हा लेख लिहितो आहे. नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांनी निर्णय ऐकीव गोष्टींवर न घेता स्वतःच्या आकड्यांवर घ्यावा, एवढीच इच्छा आहे.

थेट भारतातून आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. भारतात पगारावरचा आयकर फक्त केंद्र सरकार घेतं. अमेरिकेत फेडरल टॅक्स सगळ्यांना आहेच, शिवाय बहुतेक राज्यं स्वतःचा वेगळा आयकर लावतात. टेक्सास तो लावत नाही. फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात मात्र इथेही होते.

सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. स्टेट टॅक्स पगाराच्या मागे चालतो आणि घरपट्टी घराच्या मागे. पगार थांबला की स्टेट टॅक्स थांबतो, घरपट्टी थांबत नाही. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांतही घरपट्टी चढतच असते. त्यामुळे "कुठला टॅक्स कमी?" एवढंच विचारून भागत नाही. "माझ्या पगाराच्या मानाने मी केवढं घर घेतो आहे?" हेही विचारावं लागतं.

१. राज्याचं गणित एकदा नीट बघा

पगारावर आयकर न घेणारी राज्यं सध्या नऊ आहेत: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. सगळी सारखी नाहीत. वॉशिंग्टनमध्ये पगारावर कर नसला तरी शेअर विकून झालेल्या मोठ्या दीर्घकालीन नफ्यावर २०२२ पासून कर आहे. टेनेसीत किराण्यावरही सेल्स टॅक्स लागतो.

टेक्सासने २०१९ मध्ये मतदारांच्या कौलाने राज्यघटनेतच वैयक्तिक आयकराला बंदी घातली, त्यामुळे तो अचानक लागू होईल ही भीती नको. पण शाळा, रस्ते, पोलीस, अग्निशमन यांचा खर्च कुठून तरी यायलाच हवा. तो येतो सेल्स टॅक्समधून आणि घरपट्टीतून. सेल्स टॅक्स राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक मिळून जास्तीत जास्त ८.२५ टक्के. तांदूळ, डाळ, भाजी, दूध यांवर तो नाही. घरपट्टी राज्य सरकार घेत नाही. स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज असे वेगवेगळे घटक आपापला दर लावतात आणि त्यांची बेरीज तुमच्या बिलावर येते. सगळ्यात मोठा वाटा स्कूल डिस्ट्रिक्टचा असतो.

२. स्वतःच्या आकड्यांची बेरीज करा

तुलना नेहमी दोन ठरावीक घरांची करा, नुसत्या दोन राज्यांची नको. आपल्याकडे बऱ्याच कुटुंबांपुढे टेक्सास की नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी-मॉरिसव्हिल, असा पर्याय असतो. तोच घेऊ. दोन्हीकडे घर साडेपाच लाख डॉलरचं, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरणारे.

नॉर्थ कॅरोलायनाचा आयकर २०२६ पासून सरसकट ३.९९ टक्के आहे आणि जोडप्याला २५,५०० डॉलरची वजावट मिळते. तिथली घरपट्टी ०.८५ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४,६७५ डॉलर.

टेक्सासमध्ये उदाहरणादाखल स्कूल डिस्ट्रिक्टचा दर १.१० टक्के आणि शहर, काउंटी, कॉलेज मिळून ०.७१ टक्के धरू. राहत्या घरासाठी स्कूल डिस्ट्रिक्टच्या हिशेबातून १,४०,००० डॉलर वजा होतात (होमस्टेड नावाच्या या सवलतीबद्दल पुढे सविस्तर येईल). म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टचे ४,५१० आणि बाकीचे ३,९०५, एकूण ८,४१५ डॉलर. घर मडमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीच्या पाणी-सांडपाण्यासाठी वेगळा कर लावणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (तेही पुढे येईल), असेल आणि त्याचा दर ०.६० टक्के असेल, तर आणखी ३,३०० म्हणजे ११,७१५ डॉलर.

आता पगार बदलून बघा.

कुटुंबाचं उत्पन्न २ लाख डॉलर असेल तर कॅरोलायनात आयकर आणि घरपट्टी मिळून सुमारे ११,६४० डॉलर जातात. टेक्सासमध्ये मड नसेल तर ८,४१५. वर्षाला तीन हजारांहून जास्त वाचले. मड असेल तर ११,७१५, म्हणजे सगळा फायदा संपला.

उत्पन्न १ लाख २० हजार असेल तर कॅरोलायनात सुमारे ८,४५० डॉलर. टेक्सासमध्ये मड नसताना ८,४१५, म्हणजे बरोबरी. मड असेल तर टेक्सास तीन हजारांहून जास्त महाग.

आणि उत्पन्न शून्य झालं तर कॅरोलायनात ४,६७५, टेक्सासमध्ये ८,४१५ किंवा ११,७१५.

"टेक्सासमध्ये टॅक्स वाचतो" हे वाक्य दोघांचा पगार चांगला आणि घर बेताचं असेल तर खरं ठरतं. एकाच पगारावर मोठं घर घेतलं तर उलटं होतं.

कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांचा फायदा सहसा मोठा असतो. २ लाख उत्पन्नावर तिथला स्टेट टॅक्स साधारण १० हजार डॉलरच्या आसपास जातो, शिवाय पगारातून एसडीआय (राज्याच्या अपंगत्व विम्याचा हप्ता) कापला जातो तो वेगळा. पण तिथे स्वतःचं जुनं घर असेल तर थांबून विचार करा. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे कॅलिफोर्नियात घराचं करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची घरपट्टी अजून त्या काळच्या किमतीच्या आसपास चालते. ते घर विकलंत की ही सवलत कायमची गेली.

न्यू जर्सीहून येणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे, कारण तिथे दोन्ही कर भरावे लागतात. सरासरी घरपट्टीच २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेली आणि २ लाख उत्पन्नावर स्टेट टॅक्स साडेसात-साडेआठ हजार होतो.

या बेरजेत घराचा विमाही धरा, तो बरेच जण विसरतात. उत्तर टेक्सासमध्ये गारपिटीने छपरं फुटतात, ह्यूस्टनकडे वादळं येतात. वारा आणि गारांच्या नुकसानीत पहिला भार तुमच्यावर असतो आणि तो बहुतेक वेळा विम्याच्या रकमेच्या १ किंवा २ टक्के असतो. ४ लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार डॉलर तुमच्या खिशातले. विम्याचे दर घर नक्की करण्याआधी मागवा, नंतर नको.

३. पहिलं वर्ष भाड्याने राहा

माझं ठाम मत आहे की आल्याआल्या घर घेऊ नये. भाडेकरूला स्टेट टॅक्सची बचत पहिल्या पगारापासून मिळते. मालक घरपट्टी भाड्यात वसूल करतो हे खरं, पण पुढच्या वर्षी मूल्यांकन वाढेल ही जोखीम त्याची असते, तुमची नाही. शिवाय त्या वर्षात स्कूल डिस्ट्रिक्ट, ऑफिसचा रस्ता आणि उन्हाळ्यातलं विजेचं बिल, तिन्ही कळतात.

४. घर नाही, पत्ता तपासा

रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा असं इथे सर्रास असतं. शहराची हद्द आणि स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द एक नसते. प्लेनो शहराचा काही भाग फ्रिस्को आयएसडीत, म्हणजे फ्रिस्कोच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतो. अर्व्हिंगचा काही भाग कॉपेल आयएसडीत येतो. जाहिरातीत शहराचं नाव वाचून शाळेचा अंदाज बांधू नका.

प्रत्येक काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घरांचं मूल्यांकन करणारं कार्यालय असतं: कॉलिन, डेंटन, डॅलस, ट्रॅव्हिस, विल्यमसन, हॅरिस, फोर्ट बेंड वगैरे. त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या घराला कोणकोण कर लावतं याची यादी, दर आणि मागच्या वर्षांची मूल्यांकनं दिसतात. घर बघायला जाण्याआधी हे पान उघडायची सवय लावा.

यादीत दोन गोष्टी मुद्दाम शोधा.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेर नवी वसाहत उभी राहते तेव्हा पाणी, सांडपाणी आणि गटारांसाठी हे डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढतं आणि ते कर्ज रहिवाशांच्या घरपट्टीतून फेडलं जातं. ह्यूस्टनजवळ केटी, सायप्रेस भागात हे फार दिसतं. जुन्या मडचा दर कर्ज फिटत जातं तसा उतरत जातो, नव्याचा चढा असतो. घर शहराच्या हद्दीबाहेर असेल तर शहराचा कर लागत नाही, म्हणून मड दिसला की लगेच पाठ फिरवू नका. एकूण बेरीज बघा.

पिड म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. डॅलसच्या उत्तरेला सेलिनासारख्या वेगाने वाढणाऱ्या गावांत नव्या वसाहतींवर याची आकारणी असते. ती टक्केवारीच्या दरात दिसत नाही, वेगळी रक्कम म्हणून येते. होमस्टेडची सवलत तिला लागू होत नाही आणि फेडरल रिटर्नमध्येही ती सहसा वजा करता येत नाही.

घर मड किंवा पिडमध्ये असेल तर विकणाऱ्याने तशी लेखी नोटीस करार बंधनकारक होण्याआधी द्यायची असा कायदा आहे. सह्यांच्या गठ्ठ्यात ती हरवते. ती बाजूला काढून वाचा.

५. आधीच्या मालकाच्या बिलावर विसंबू नका

नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

घरांच्या जाहिरातीत "मागच्या वर्षीचा टॅक्स" म्हणून जो आकडा असतो तो आधीच्या मालकाचा असतो, तुमचा नव्हे. टेक्सासमध्ये राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आधीचा मालक दहा वर्षं राहिला असेल तर त्याचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या बरंच खाली असू शकतं. तो ६५ वर्षांच्या पुढचा असेल तर त्याला जादा सवलत असते आणि शाळेच्या कराची रक्कम गोठवलेली असते. घर तुमच्या नावावर झालं की पुढच्या १ जानेवारीला हे सगळं पुसलं जातं आणि मूल्यांकन बाजारभावाने होतं.

नव्या बांधकामात गोष्ट आणखी अवघड. मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी प्लॉट रिकामा असेल तर त्या वर्षीचं बिल फक्त जमिनीचं येतं. समजा जमीन १,१०,००० डॉलरची आणि एकूण दर मडसकट २.४१ टक्के. बिल सुमारे २,६५० डॉलर. घरातले सगळे खूश होतात. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं ११,७१५ डॉलरचं बिल येतं.

म्हणून घराच्या ठरलेल्या किमतीला सगळ्या घटकांच्या एकूण दराने गुणा आणि तोच आकडा खरा माना. होमस्टेडची सवलत वजा करून जे राहील ते दुसऱ्या वर्षाचं, न वजा केलेलं पहिल्या वर्षाचं असं धरलं तर अंदाज सहसा चुकत नाही.

६. एस्क्रोचा धक्का आधीच ओळखा

बहुतेक कर्जांत बँक दर महिन्याच्या हप्त्यासोबत घरपट्टी आणि विम्याचे पैसे घेऊन एस्क्रो खात्यात ठेवते आणि वेळ आली की बिल भरते. ती किती घ्यायचे हे ठरवते उपलब्ध बिलावरून. वरच्या उदाहरणात बँकेने जमिनीचं बिल धरलं तर महिन्याला २२० डॉलर घेईल, लागणार आहेत ९७५. वर्षाअखेर सुमारे ९ हजारांची तूट. बँक ती पुढच्या बारा महिन्यांत वसूल करते आणि शिवाय पुढच्या वर्षाचा योग्य हप्ताही सुरू करते. म्हणजे महिन्याचा हप्ता एकदम सुमारे १,५०० डॉलरने वाढतो. हे पत्र हातात पडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. दोघांपैकी एकाची नोकरी गेलेली असताना असं पत्र आलं तर काय होतं, तेही पाहिलं आहे.

उपाय साधा आहे. कर्जाच्या अर्जाच्या वेळीच लोन ऑफिसरला लेखी सांगा की घरपट्टीचा अंदाज पूर्ण बांधलेल्या घरावर करा. तो ऐकत नसेल तर फरकाची रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका आणि तिला हात लावू नका.

क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे घर तुमच्या नावावर होतं तेव्हा, विकणारा १ जानेवारीपासून त्या तारखेपर्यंतची घरपट्टी तुम्हाला वळती करून देतो, कारण वर्षाचं पूर्ण बिल वर्षाअखेर तुम्हालाच भरायचं असतं. हे पैसे फर्निचरसाठी नाहीत.

७. होमस्टेडचा अर्ज करा, आणि फुकट करा

पुण्यात राहत्या घरासाठी पीटी-३ अर्ज भरून ४० टक्के सवलत घेतलेल्यांना ही कल्पना लगेच कळेल. घर तुमचं आहे आणि तुम्ही तिथेच राहता, हे सांगितल्याशिवाय सवलत मिळत नाही.

स्कूल डिस्ट्रिक्टच्या करासाठी ही सवलत २०२३ मध्ये १ लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १,४०,००० डॉलर. ती २०२५ च्या बिलापासूनच लागू झाली. आपल्या उदाहरणात तिच्यामुळे वर्षाला १,५४० डॉलर वाचतात. शहर आणि काउंटी आपापली वेगळी सवलत देऊ शकतात. पण माझ्या मते खरा लाभ त्या १० टक्क्यांच्या मर्यादेचा आहे. ती होमस्टेड मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते, त्यामुळे अर्ज एक वर्ष लांबला की मर्यादाही एक वर्ष लांबते.

अर्जाचा नमुना ५०-११४. मुदत ३० एप्रिल. मुदत हुकली तरी उशिरा अर्ज करता येतो, घरपट्टी थकीत ठरण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत. वर्षाच्या मध्ये घर घेतलंत आणि आधीच्या मालकाची त्या वर्षी सवलत नव्हती, तर राहायला आल्यापासूनच्या काळापुरती सवलत त्याच वर्षी मिळू शकते. अर्जासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, एच-वन-बीवर असलात तरी हा हक्क तुमचा आहे.

जवळ ठेवायचे कागद:

- टेक्सासचं ड्रायव्हर लायसन्स किंवा आयडी, त्यावर नव्या घराचाच पत्ता हवा
- घराच्या डीडची (खरेदीखताची) प्रत किंवा नोंदणीचा तपशील
- अप्रेझल डिस्ट्रिक्टने दिलेला मालमत्तेचा खातेक्रमांक
- घर घेतल्याची आणि राहायला गेल्याची तारीख

अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असणं. राहायला गेल्यावर आधी पत्ता बदला, मग अर्ज करा. दुसऱ्या राज्यातून येताना टेक्सासचं लायसन्स ९० दिवसांत काढायचं असतंच.

घर घेतल्यावर सरकारी वाटतील अशी पत्रं येतात: "अमुक शुल्क भरा, तुमचा होमस्टेड अर्ज आम्ही करतो." अर्ज फुकट आहे आणि ऑनलाइन होतो. अशी पत्रं फाडून टाका. मात्र अप्रेझल डिस्ट्रिक्टचं खरं पडताळणीचं पत्र कधी फाडू नका. सवलतीची तपासणी त्यांना पाच वर्षांतून एकदा करावीच लागते आणि उत्तर दिलं नाही तर ती जाऊ शकते.

जुन्या राज्यातल्या घरावर अशीच राहत्या घराची सवलत चालू असेल तर ती बंद करा. राहतं घर एकच असतं.

८. दर वसंतात मूल्यांकनावर हरकत घ्या

एप्रिल-मेमध्ये मूल्यांकनाची नोटीस येते. हरकत घ्यायची मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. नमुना ५०-१३२, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. आपल्याकडची मंडळी सरकारी कागदाला हरकत घ्यायला कचरतात. इथे तो नेहमीचा व्यवहार आहे, त्याने कुणाचा रोष ओढवत नाही आणि व्हिसावर काही परिणाम होत नाही.

पहिल्या वर्षीची हरकत सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा १० टक्क्यांची मर्यादा लागू नसते आणि त्या वर्षी ठरलेल्या मूल्यावर पुढची मर्यादा मोजली जाते.

हरकतीची दोन कारणं एकत्र नोंदवा: मूल्यांकन बाजारभावापेक्षा जास्त आहे, आणि ते आजूबाजूच्या तशाच घरांच्या तुलनेत असमान आहे. मग पुरावा गोळा करा. टेक्सासमध्ये विक्रीच्या किमती सार्वजनिक नोंदीत नसतात, त्यामुळे शेजारच्या घरांच्या विक्रीचे आकडे तुमच्या रिअल्टरकडून मागा, चांगला रिअल्टर ते आनंदाने देतो. मूल्यांकनापेक्षा स्वस्तात घर घेतलं असेल तर क्लोजिंगचा कागद हाच सगळ्यात भक्कम पुरावा. महागात घेतलं असेल तर किंमत सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पायाला तडे, छपराची दुरुस्ती, मागून जाणारा मोठा रस्ता, यांचे फोटो आणि कंत्राटदाराचे अंदाज जोडा. उत्तर टेक्सासच्या चिकणमातीत पायाच्या तक्रारी नेहमीच्या आहेत आणि मूल्यांकन करणाऱ्याने तुमच्या घरात पाऊल टाकलेलं नसतं.

अप्रेझल डिस्ट्रिक्ट जो पुरावा वापरणार आहे तो सुनावणीच्या १४ दिवस आधी मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो मागाच. आधी त्यांच्या मूल्यांककाशी अनौपचारिक बोलणं होतं, बऱ्याच प्रकरणांचा निकाल तिथेच लागतो. तिथे जमलं नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी. थोडक्यात, शांतपणे, आकड्यांवर बोला. "टॅक्स परवडत नाही" हे तिथे चालत नाही, कारण बोर्ड फक्त मूल्य ठरवतं. दर शहर, काउंटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतात, त्यांच्या सुनावण्या सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात.

वेळ नसेल तर बचतीतला वाटा घेऊन हरकत लढवणाऱ्या कंपन्या आहेत. करार वाचा. काही करार दर वर्षी आपोआप चालू राहतात.

९. बिल ३१ जानेवारीच्या आत

बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतं. ३१ जानेवारीपर्यंत भरायचं. फेब्रुवारीत गेलं की लगेच ७ टक्के जादा, मार्चमध्ये ९. जुलैपर्यंत थकलं तर वसुलीच्या खर्चापोटी आणखी २० टक्क्यांपर्यंत लागू शकतात. एस्क्रो असेल तरी जानेवारीच्या मध्याला काउंटीच्या संकेतस्थळावर बिल भरलं गेलं का ते स्वतः बघा. कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे विकलं जातं तेव्हा बिल मधल्यामध्ये राहण्याचे प्रकार होतात.

१०. फेडरल रिटर्नमध्ये किती परत येतं

"प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो ना!" असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची कमाल मर्यादा २०१८ पासून १० हजार डॉलर होती. २०२५ मध्ये ती ४० हजार झाली, २०२६ साठी ४०,४०० आहे आणि २०३० मध्ये पुन्हा १० हजारांवर येणार आहे. फार मोठ्या उत्पन्नाला, साधारण ५ लाखांच्या पुढे, ती आधीच कमी होत जाते.

पण वजावटीचा फायदा तेव्हाच, जेव्हा सगळ्या वजावटी मिळून स्टँडर्ड डिडक्शनच्या, म्हणजे हिशेब न दाखवता मिळणाऱ्या ठरावीक वजावटीच्या वर जातात. २०२६ साठी जोडप्याला ते ३२,२०० डॉलर आहे. घरपट्टी ११,७१५ आणि कर्जाचं व्याज २८ हजार असेल तर बेरीज ३९,७१५. वरचे साडेसात हजार तेवढे उपयोगाचे. २२ टक्क्यांच्या पट्ट्यात त्यातून सुमारे १,६५० डॉलर वाचतात. कर्ज फिटत जाऊन व्याज घटलं की हेही संपतं. टेक्सासमध्ये स्टेट टॅक्स नसल्यामुळे त्याऐवजी सेल्स टॅक्स वजा करता येतो. आयआरएसचं (फेडरल कर खात्याचं) त्यासाठी तयार कोष्टक आहे, गाडी घेतलेल्या वर्षी तर ते नक्की वापरा.

११. जुनं राज्य लगेच सोडत नाही

स्थलांतराच्या वर्षी जुन्या राज्यात, तिथे राहिलात तेवढ्या काळाचं रिटर्न भरावं लागतं. कॅलिफोर्नियासाठी फॉर्म ५४०एनआर. तिथे काम करत असताना मिळालेले कंपनीचे शेअर टेक्सासला आल्यावर हातात पडले, तरी तिथल्या कामाच्या प्रमाणात कॅलिफोर्निया त्यावर कर घेतं. न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी तुम्ही स्वतःच्या सोयीने टेक्सासमधून काम करत असाल तर न्यूयॉर्क तो पगार आपलाच धरू शकतं. तसं झालं तर स्टेट टॅक्सही भरायचा आणि टेक्सासची घरपट्टीही, म्हणजे दोन्हीकडून भार. कंपनीकडून कामाचं ठिकाण लेखी बदलून घ्या आणि पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) कुठलं राज्य छापलंय ते पहिल्या महिन्यातच बघा.

एच-वन-बीवर असाल तर वेगळ्या महानगर क्षेत्रात जाण्याआधी कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. घराचा करार त्यानंतर.

१२. पुढे काय बदलेल, तेही आत्ताच बघा

दुसरीकडे राहायला गेलात आणि हे घर भाड्याने दिलंत तर होमस्टेड आणि १० टक्क्यांची मर्यादा दोन्ही जातात. अप्रेझल डिस्ट्रिक्टला स्वतःहून कळवा, नाहीतर मागच्या वर्षांची रक्कम दंडासह मागितली जाऊ शकते. भाड्याचा हिशेब सवलत नसलेल्या घरपट्टीवर करा.

इथेच म्हातारपण काढायचं असेल तर ६५ नंतर चित्र बरंच सुधारतं. स्कूल डिस्ट्रिक्टच्या करात आणखी ६० हजारांची वजावट मिळते, म्हणजे एकूण २ लाख. शाळेच्या कराची रक्कम गोठते, आणि राहत्या घराची घरपट्टी ५ टक्के व्याजाने पुढे ढकलायचाही हक्क मिळतो. पण हे सगळं घराच्या मालकाच्या वयावर चालतं. भारतातून येऊन तुमच्याकडे राहणाऱ्या आईवडिलांचं वय त्यात धरलं जात नाही.

आणि तिथवर पोचेपर्यंत एक नियम आम्ही पाळतो, तो तुम्हीही पाळा: एका वर्षाची पूर्ण घरपट्टी आणि विमा मिळून होणारी रक्कम वेगळ्या खात्यात, नोकरी असतानाच साठवून ठेवा. स्टेट टॅक्स वाचल्यामुळे पगारातून जे जास्तीचे पैसे हातात येतात, ते पहिलं वर्ष दीड वर्ष त्याच खात्यात गेले पाहिजेत.